आधी पोटात अन्न

नवरात्राचे नऊ दिवस पाणी आणि एखाद्या फळावर काढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीचं घरात कौतुकच होतं. दसरा उलटला तरी ती नीट जेवत नाही, तेव्हा ‘भूक मेली असेल, येईल हळूहळू’ असं म्हणत आई पानात कमी वाढते. कोजागरीचं दूध तिला नको असतं. दिवाळीत मात्र तीच पुढाकार घेऊन करंज्या भरते, शंकरपाळे कातते, सगळ्यांना आग्रह करकरून खायला घालते आणि स्वतः ‘चव बघताना खाल्लंय’ म्हणून उठते. पहाटे पाचला चालायला जाते, रात्री बारापर्यंत अभ्यास करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, ‘काय छान बारीक झालीये हो ही! काय करते, आम्हालाही सांगा की.’ तिची पाळी तीन महिने आलेली नाही, हे तोवर तिच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं.

हे एका घरातलं चित्र नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून वेगवेगळ्या घरांत दिसणारे तुकडे मी इथे एकत्र जोडले आहेत. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या लेखात कुणा रुग्णाचं वजन नाही, कॅलरीचा हिशेब नाही. हा आजार झालेली व्यक्ती असे आकडे वाचते आणि त्यांच्याशी स्पर्धा करू लागते. तिच्या हाती तसलं काही पडू नये.

या मुलीला झालेल्या आजाराचं नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. त्याच गटात बुलिमिया येतो, बिंज इटिंग म्हणजे आवर न राहता खात सुटण्याचा विकार येतो, आणि २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात आणखी एक विकार आला आहे. त्यात जाड होण्याची भीती नसते. अन्नाचा वास, पोत, गिळताना अडकण्याची धास्ती यांमुळे माणूस, बहुतेकदा लहान मूल, मोजक्याच पदार्थांवर जगू लागतं. या सगळ्यांना मिळून आहारविकार म्हणतात. हे विकार परदेशी आणि श्रीमंतांचे आहेत, असं आपल्याकडे अजून सर्रास बोललं जातं. त्या समजुतीची किंमत मुलींना आणि मुलग्यांना मोजावी लागते.

अशी मुलगी मानसोपचारतज्ज्ञाकडे सगळ्यात शेवटी पोचते. आधी जंताचं औषध होतं, मग टॉनिक, मग मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून होते. पोट गच्च होतं म्हणते म्हणून सोनोग्राफी, एंडोस्कोपी. पाळी नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ. वजन उतरतंय म्हणून क्षयाच्या तपासण्या. यातली एकही तपासणी वावगी नाही. आपल्या देशात वजन घटणाऱ्या माणसाला क्षय नाही ना, थायरॉईड किंवा मधुमेह नाही ना, हे पाहायलाच हवं. घोटाळा पुढे होतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि ‘काही झालेलं नाही, नाटकं आहेत’ असा निकाल लावून तिला घरी आणलं जातं.

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांच्यापुढे सव्वातीनशे वर्षांपूर्वी हाच पेच होता. १६८९ मध्ये त्यांनी क्षयरोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात ताप नाही, खोकला नाही, तरी अंग झिजत चाललेल्या एका तरुण मुलीची हकिगत आहे. औषधांना कंटाळून तिनं उपचार थांबवायला लावले आणि तीन महिन्यांत ती गेली. मॉर्टन यांचा दुसरा रुग्ण सोळा वर्षांचा मुलगा होता. तो बऱ्याच अंशी सावरला. म्हणजे या आजाराच्या वैद्यकीय इतिहासाच्या पहिल्या पानावरच एक मुलगा आहे. पुढे १८७३ मध्ये लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. तेव्हा ना फॅशनची मासिकं होती, ना मोबाइल.

आपल्याकडे निदान हुकण्याला आणखी एक कारण आहे. पाठ्यपुस्तकातली रुग्ण म्हणते, ‘मी जाड आहे.’ आपली मुलगी पुष्कळदा तसं म्हणतच नाही. ती म्हणते, ‘जातच नाही गं, इथपर्यंत भरल्यासारखं वाटतं.’ दिल्लीतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये अशा भारतीय रुग्णांविषयी लिहिलं. जेवण नाकारणं होतं, घटलेलं वजन होतं, पण लठ्ठ होण्याची भीती किंवा स्वतःच्या शरीराची चुकीची प्रतिमा नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही त्याच दशकात असेच रुग्ण दिसले. आणि पोट गच्च वाटतं ही तक्रार खोटी नसते. अन्न तुटलं की जठराची हालचाल मंदावते, खाल्लेलं पुढे सरकायला वेळ लागतो, दोन घासांत पोट भरतं. उपासमारीनंच हे झालेलं असतं आणि नियमित खाण्यानंच ते काही आठवड्यांत सुधारतं. पण तिला हे कुणी सांगत नाही, आणि ती आणखी कमी खाऊ लागते.

उपासमार मनाचं काय करते, हे समजून घ्यायचं तर १९४४-४५ च्या मिनेसोटाला जावं लागतं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लाखो लोक भुकेले होते, आणि त्यांना पुन्हा खातंपितं कसं करायचं याचं शास्त्र कुणाकडेच नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत एक प्रयोग मांडला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला सदसद्विवेकबुद्धीनं नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेनं त्यात उतरले. शरीरानं धडधाकट आणि मनानं स्थिर, अशी पारख करून निवडलेले तरुण होते ते. पहिले तीन महिने त्यांना व्यवस्थित जेवू घातलं. मग २४ आठवडे त्यांचं अन्न साधारण निम्म्यावर आणलं. दिवसातून दोन जेवणं; बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं.

काही आठवड्यांतच ही मंडळी बदलली. एरवी युद्ध, धर्म, राजकारण यांवर तावातावानं बोलणारे तरुण फक्त अन्नावर बोलू लागले. पाककृतींची पुस्तकं गोळा करून रात्र रात्र वाचू लागले. एक ताट संपवायला दोन दोन तास लावू लागले. अन्नाचे बारीक तुकडे करायचे, त्यात भलतंच काही कालवायचं, पाणी ओतून वाढवायचं, शेवटी ताट चाटायचं. कॉफी आणि च्युइंगगम इतकं वाढलं की त्यावर मर्यादा घालावी लागली. भर उन्हाळ्यात ते पांघरुणं मागत. नाडी मंदावली. मित्र नकोसे झाले, मुलींमधला रस गेला, चिडचीड आणि उदासी वाढली. एकानं लाकडं फोडताना कुऱ्हाडीनं आपल्याच हाताची तीन बोटं तोडून घेतली आणि ते चुकून झालं की मुद्दाम, हे नंतर त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने भागेना; खाऊन खाऊन पोट दुखायचं तरी खात राहायचे.

आता लेखाच्या सुरुवातीची मुलगी आठवा. स्वतः न खाता दुसऱ्यांना खायला घालणं, पदार्थांचे व्हिडिओ तासन्‌तास बघणं, पोळीचे नखाएवढे तुकडे करणं, मे महिन्यात स्वेटर, मैत्रिणींना टाळणं, आईवर खेकसणं. घरच्यांना हे सगळं तिच्या स्वभावाचं वाटतं. मिनेसोटातल्या ३६ जणांचा स्वभाव असा नव्हता. त्यांना भुकेनं असं केलं. मुलीच्या मनात काहीतरी बिनसलं म्हणून ती जेवत नाही, हे खरं असेल. पण ती जेवत नाही म्हणून तिचं मन बिनसत चाललंय, हेही तितकंच खरं आहे, आणि उपचार कुठून सुरू करायचे ते यावरून ठरतं. उपाशी मेंदूची समजूत काढता येत नाही. आधी पोटात अन्न जावं लागतं. आहारविकारांविषयी एकच गोष्ट वाचकाच्या लक्षात राहणार असेल, तर ती ही राहावी.

फरक आहे तो असा, की त्या तरुणांना खायचं होतं आणि खायला मिळत नव्हतं. या मुलीला खाण्याची भीती वाटते, आणि न खाल्ल्यावर आत कुठेतरी हायसं वाटतं. हे असं काहींनाच का होतं? डाएट तर घरोघरी चालू आहेत. याचं उत्तर बरंचसं रक्तात आहे. २०१९ मध्ये ॲनोरेक्सियाच्या जवळजवळ १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि जनुकीय धागे चिंता, नैराश्य यांच्याइतकेच शरीराच्या चयापचयाशीही जुळलेले दिसले. म्हणजे काही शरीरं उपासमारीला वेगळा प्रतिसाद देतात. एका उपासानं, एका कावीळ-टायफॉइडनं, एका डाएटनं वजन उतरतं आणि तिथून माघारी येण्याची वाट त्यांना सापडत नाही. पूर्वी मानसोपचारात या आजाराचं खापर सरळ आईच्या डोक्यावर फोडलं जायचं. आता या क्षेत्रातले तज्ज्ञ ते मानत नाहीत. माझ्या मते हा या विषयातला सर्वांत मोठा दिलासा आहे. आपल्याकडच्या आया ‘माझंच कुठेतरी चुकलं’ हे धरून वर्षं काढतात आणि त्या ओझ्यामुळे डॉक्टरांकडे जायलाही उशीर करतात.

भोवतालाचा काही हात नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. फिजी बेटांवरच्या नद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. भरलेलं अंग ही तिथे कौतुकाची गोष्ट होती. कुणी बारीक झालं तर लोक काळजी करत. अमेरिकन संशोधक ॲन बेकर यांनी टीव्ही येताच तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी त्यांना आढळली नाही. १९९८ च्या पाहणीत अशा मुली ११.३ टक्के निघाल्या. तीन वर्षांत. तेव्हा बैठकीच्या खोलीत एक टीव्ही होता. आता प्रत्येकीच्या उशाशी मोबाइल आहे.

आणि आपल्या बैठकीच्या खोलीत काय बोललं जातं? ‘सुटलीस की गं’ हे आपल्याकडे जवळजवळ नमस्काराऐवजी म्हटलं जातं. स्थळाच्या जाहिरातीत सडपातळ हा शब्द शिक्षणाच्या आधी येतो. पीसीओडीचं निदान झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला ‘दहा किलो कमी करून ये’ एवढंच सांगून दवाखान्यातून पाठवलं जातं. ते कसं करायचं, किती काळात, कुणाच्या देखरेखीखाली, काही नाही. मग ती दिवसातून एकदाच जेवण्याचा, साखर-गहू-दूध सोडण्याचा कुठला तरी व्हिडिओ शोधते. मोठ्यांसाठी, मधुमेहींसाठी आखलेले आहार वाढत्या वयातली मुलं स्वतःवर करून बघतात, हे मला फार चिंतेचं वाटतं.

बुलिमिया याहून लपलेला असतो, कारण त्यात वजन बहुधा नेहमीसारखंच राहतं. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० रुग्णांच्या आधारे त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. दिवसभर कडक पथ्य, संध्याकाळी आवर सुटून भसाभसा खाणं, मग घृणा आणि घाबरून ओकारी किंवा जुलाबाची औषधं, आणि ‘उद्यापासून काहीच खाणार नाही’ ही शपथ. त्या शपथेतच दुसऱ्या दिवशीचं आवर सुटणं दडलेलं असतं. घरच्यांना दिसतं ते असं: जेवण झालं की लगेच बाथरूम, बराच वेळ चालू राहणारा नळ, डब्यातून गायब होणारा फराळ, कानाखाली सुजलेले गाल, बोटांच्या पेरांवर घट्टे. कधी कधी पहिली शंका दंतवैद्याला येते, कारण आम्लानं वरच्या दातांचं आतल्या बाजूचं कवच झिजतं. ओकारीनंतर लगेच ब्रश केला तर ते आणखी झिजतं. नुसती चूळ भरावी. जुलाबाच्या चूर्णांनी वजन उतरतं हाही भ्रम आहे. अन्न लहान आतड्यातच शोषलं गेलेलं असतं. जातं ते पाणी आणि क्षार. त्या क्षारांत पोटॅशियम असतं, आणि ते उतरलं की हृदयाची लय कोणत्याही क्षणी बिघडू शकते.

बिंज इटिंगमध्ये ओकारी नसते, फक्त खाणं आणि लाज. सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरातला दिवा न लावता, चव न कळता, पोट दुखेपर्यंत. अमेरिकेतल्या पाहणीत ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया मिळून जेवढे रुग्ण, त्याहून हे जास्त निघाले, आणि त्यात पुरुषांचं प्रमाणही बरंच आहे. आपल्याकडे यांना आजारी कुणी मानतच नाही. ‘तोंडावर ताबा ठेव’ हा सल्ला त्यांनी हजारदा ऐकलेला असतो, आणि प्रत्येक कडक डाएटनंतर त्यांचं खाणं अधिकच बेताल होतं.

मुलग्यांमध्ये आजाराचा चेहरा निराळा असतो. जिममध्ये दोन दोन तास, प्रोटीनचे डबे, भाताला बंदी, लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळणं, आणि आरशात तरीही आपण काडीपैलवानच दिसतो ही खात्री. अमेरिकेतल्या हॅरिसन पोप यांनी १९९० च्या दशकात हा विकार मांडला. खेळाडूंवर वजनगटाचं वेगळं दडपण असतं. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट १०० ग्रॅम जादा वजनासाठी अंतिम फेरीतून बाद झाली, तेव्हा वजन ‘तोडणं’ म्हणजे काय, हे साऱ्या देशानं पाहिलं. तो आहारविकार नव्हता. पण तालमीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना असं वजन तोडायला लावताना प्रशिक्षकांनी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

हा आजार जीव घेतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, ॲनोरेक्सिया झालेल्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांपेक्षा जवळपास सहापट असतो, आणि त्या मृत्यूंपैकी पाचातला एक आत्महत्येचा असतो. मुलगी दिसायला हडकुळी नाही म्हणून धोका नाही, असंही समजू नये. मुळात जाड असलेल्या मुलीचं वजन झपाट्यानं उतरलं, तर तिच्या हृदयावर तेच परिणाम होतात. आणि सगळा वेळ लोक तिचं अभिनंदन करत असतात.

म्हणून पहिली पायरी घरच्या डॉक्टरांचीच आहे, आणि तिथे काय मागायचं ते पालकांना ठाऊक हवं. वजन-उंची तर आलंच. त्याशिवाय झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर नाडी व रक्तदाब, अंगाचं तापमान, ईसीजी, आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, साखर. किशोरवयीन मुलीची जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल, चक्कर येऊन ती पडली असेल, किंवा अन्नपाणी पूर्ण सोडलं असेल, तर रुग्णालयात दाखल करायला हवं. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट: बरेच दिवस उपाशी असलेल्याला घाईनं भरपूर खायला घालणंही घातक ठरू शकतं. शरीर एकदम पिष्टमय अन्न पचवू लागतं आणि रक्तातलं फॉस्फेट कोसळतं. म्हणून पहिले काही दिवस अन्न रुग्णालयात, रक्त तपासत तपासत वाढवतात. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून निर्धास्तही राहू नये. शरीर शेवटपर्यंत आकडे सांभाळून नेतं.

शंका असेल तर लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये तयार केलेले पाच साधे प्रश्न उपयोगी पडतात. पोट फार भरलं म्हणून तू ओकारी काढतेस का? किती खातोय यावरचा ताबा गेलाय असं वाटतं का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलंय का? बाकीचे बारीक म्हणत असताना तुला जाड वाटतं का? अन्नानं तुझं सगळं आयुष्य व्यापलंय का? दोन उत्तरं ‘हो’ असतील तर तज्ज्ञांना दाखवावं. हे प्रश्न ताटावर बसून, चिडून विचारायचे नसतात. जेवणाची वेळ नसताना, दोघंच असताना, ‘तू थकलेली दिसतेस, मला काळजी वाटते’ इथून सुरुवात करावी.

किशोरवयीन मुलांसाठी आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाला हाताशी धरून केलेल्या उपचाराचा. तो १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडला. त्याची मांडणी सोपी आहे आणि ती पाळणं फार अवघड आहे. पहिल्या टप्प्यात मुलीनं काय, किती, केव्हा खायचं हे पूर्णपणे आई-वडील ठरवतात, आणि प्रत्येक जेवणाला कुणीतरी मोठं तिच्याजवळ बसतं. वजन सावरलं की दुसऱ्या टप्प्यात एक एक निर्णय तिच्या हाती परत देतात. मग शेवटी अभ्यास, मैत्री, मोठं होणं, या तिच्या वयाच्या गोष्टींवर बोलणं. अमेरिकेतल्या १२१ मुलामुलींवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार संपल्यावर एका वर्षानं या पद्धतीनं ४९ टक्के पूर्ण सावरलेले होते. फक्त मुलीशी एकटीशी बोलून केलेल्या उपचारानं २३ टक्के.

या पद्धतीत दुसऱ्या भेटीला कुटुंबानं जेवण घेऊन यायचं असतं. आपल्या घरची ती भेट कशी होईल, ते डोळ्यांपुढे आणून बघा. टेबलावर डबा उघडतो: पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, त्यावर तूप. मुलगी पहिल्यांदा चमच्यानं तूप बाजूला निपटते. पोळीचा एक तुकडा, त्याचे चार तुकडे. वडील समजावू लागतात, ‘अगं, तुझी बारावी आहे, प्रोटीन किती महत्त्वाचं...’ आणि थेरपिस्ट त्यांना थांबवतात. व्याख्यान नको. तुम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसा आणि एकच सांगा: ‘हा घास घे.’ ती रडते, ओरडते, ‘तुम्हाला मी जाड व्हायला हवीये’ म्हणते. आईचा हात मागे येतो. थेरपिस्ट आईला म्हणतात, बोलतोय तो आजार, तुमची लेक नव्हे. तिला ताप आला असता तर औषध कडू लागतं म्हणून तुम्ही थांबला असता का? त्या दिवसाचं उद्दिष्ट ताट संपवणं नसतं. तिनं मनाशी ठरवलं होतं त्यापेक्षा एक घास जास्त, एवढंच. तो एक घास आई-वडिलांनी मिळून दिलेला असतो, हे महत्त्वाचं.

‘मिळून’ हा शब्द आपल्या घरांत जड जातो. मुलीचं खाणं म्हणजे आईचं खातं, असं धरून वडील ऑफिसला जातात, आणि दिवसातून पाच वेळा होणारा हा झगडा एकटी आई लढते. आजी म्हणते, ‘नको ना जबरदस्ती करू पोरीला.’ काका म्हणतात, ‘दोन फटके द्या, खाईल.’ माझं स्पष्ट मत आहे की वडिलांनी पहिले काही आठवडे रजा काढावी किंवा निदान दुपारचं जेवण आपल्याकडे घ्यावं, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला थेरपिस्टसमोर एकदा बसवावं. आजी या कामात फार मोलाची असते, एकदा तिला आजार समजला की. उपासाचा प्रश्न तर तीच सोडवते. आजारी माणसाला उपास नाही, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं आहे. आजीनं ते ठामपणे सांगितलं की मुलीला देवाच्या नावाआड लपता येत नाही.

मोठ्या वयात, आणि बुलिमिया व बिंज इटिंगसाठी, ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेली बोधनिष्ठ वर्तनोपचाराची पद्धत अधिक वापरतात. साधारण २० आठवडे, २० भेटी. तिचीही सुरुवात खाण्यापासूनच आहे: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि मध्ये चार तासांहून जास्त अंतर नाही. ऐकायला हे आजीच्या शिकवणीसारखं वाटेल, पण संध्याकाळी आवर सुटण्याचं मूळ सकाळच्या रिकाम्या पोटात असतं, आणि बहुतेकांना पहिला फरक इथेच जाणवतो. बुलिमियात फ्लुओक्सेटिनसारखं औषध मदत करतं. ॲनोरेक्सियात गोळी मुख्य उपचार नाही, अन्न आहे.

कुठे जायचं? खास आहारविकारांसाठीचे विभाग आपल्याकडे अगदी मोजके आहेत, आणि देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा ०.७५ होता. तरी दारं आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था. या ठिकाणी मानसोपचार, बालरोग आणि मेडिसिन हे विभाग एकाच छताखाली किंवा हाकेच्या अंतरावर असतात, आणि या आजारात तेच हवं असतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, बंगळुरूला निम्हान्स आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर भेटतात. गावात यातलं काहीच नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. तालुक्याचे डॉक्टर दर आठवड्याला वजन-नाडी बघतील आणि मानसोपचारतज्ज्ञ फोनवरून मार्ग दाखवतील, अशी सांगडही घालता येते.

तज्ज्ञ निवडताना बिनदिक्कत विचारावं: आहारविकाराचे रुग्ण तुम्ही बघितलेत का? कुटुंबाला उपचारात घेता का? नाडी, ईसीजी, रक्त कोण बघणार? ‘तिला स्वतःला इच्छा झाली की घेऊन या’ असं कुणी म्हटलं तर दुसरं दार ठोठावावं. इच्छा हीच या आजारात पहिली जाते. आहारतज्ज्ञ नोंदणीकृत असावा आणि वजन उतरवण्याचे तक्ते विकणारा नसावा. खर्चाचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीनं मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्याच अटींवर विमा द्यायचा असतो. दावा नाकारला तर लेखी कारण मागावं आणि विमा लोकपालाकडे तक्रार करावी.

दिवाळीत घरोघरी फराळाची ताटं फिरत असतात. जिच्याविषयी शंका आहे, तिला चारचौघांत ‘खा गं, किती वाळलीस’ म्हणू नका. बरी होत असलेल्या मुलीला ‘आता कशी छान भरलीस’ असंही म्हणू नका. त्या एका वाक्यानं महिनाभराची मेहनत वाया जाऊ शकते. तिच्याशी तिच्या चित्रांबद्दल, कॉलेजबद्दल, क्रिकेटबद्दल बोला. चिवडा खाताना ‘दिवाळीनंतर सगळं उतरवायचंय’ हे मोठ्यांनी स्वतःविषयी बोलणंही तिच्या कानावर पडतं.

बरं व्हायला वेळ लागतो. अमेरिकेत बोस्टनमध्ये ॲनोरेक्सिया आणि बुलिमियाच्या स्त्रियांचा २२ वर्षं पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी नवव्या वर्षी जेमतेम ३१ टक्के बऱ्या झालेल्या होत्या. बाविसाव्या वर्षी ६३ टक्के. मधल्या काळात ज्यांना ‘आता काही होणार नाही’ म्हणून सोडून देता आलं असतं, अशा कितीतरी जणी पुढे बऱ्या झाल्या. मुलगी लहान असताना, आजार नवा असताना उपचार सुरू झाले तर वाट याहून बरीच लहान असते.

आजार उलटण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात: बोर्डाची परीक्षा, वसतिगृहात जाणं, लग्न ठरणं, बाळंतपण, एखादा मोठा ताप. त्यामुळे मुलगी बारावीनंतर पुण्याला शिकायला निघाली, की खोली बघण्याआधी मेस बघावी. पहिलं सत्रभर एक जेवण घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर, महिन्यातून एकदा जवळच्या डॉक्टरांकडे वजन आणि नाडी, आणि तो कागद तिच्या जुन्या डॉक्टरांना पाठवणं, हे ती निघण्याआधीच तिच्याशी बोलून ठरवावं. वजन सलग दोनदा उतरलेलं दिसलं, तर सत्र संपायची वाट न बघता तिला घरी आणावं आणि पहिल्या टप्प्यातल्या जेवणाच्या वेळा त्याच दिवसापासून पुन्हा सुरू कराव्यात.